घरचे डोंगर संपले तेव्हा

आमच्या गावात मोरसची साखर सणाला येते, शिऱ्यात पडते आणि चिमूटभर पोरांच्या तळहातावर. पण ती ज्या बेटावर पिकते ते मोरस, साहेबाच्या बोलीतलं मॉरिशस, डोळ्यांनी पाहून आलेली गावात मी एकटीच. त्यामुळे परतल्यापासून आमच्या पडवीत बसायला जागा नसते. तिकडे धोंडा उचलला की खाली सोनं सापडतं हे खरं का, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. मजूर भरती करणाऱ्या मुकादमांनी पसरवलेली ही थाप अजून जिवंत आहे. धोंडे आहेत, हवे तेवढे आहेत. सोनं नाही. बाकी जे आहे ते सांगते.

मी मुंबईत एका साहेबाच्या घरी आया होते. नवरा तापानं गेला, मूलबाळ नाही. मडमेच्या मुलींना मराठी शिकवायला मिशनातल्या बाई येत, त्यांच्या मागे बसून मीही मराठी अक्षरं गिरवली. साहेबाची बदली मोरसला झाली तेव्हा मडमेला बोटीवर सोबत हवी होती. तिला पोचवायचं, तिचं बिऱ्हाड लावून द्यायचं आणि तीच बोट साखर भरून मुंबईला निघाली की तिच्यातून परत यायचं, असं ठरलं. समुद्र ओलांडला की जात जाते, असं शेजारणीनं घाबरवलं. मी म्हटलं, विधवेची अर्धी जात आधीच गेलेली असते, उरलेली अर्धी कुठे जाते ते पाहून येते.

खरं कारण वेगळं होतं. माझा थोरला भाऊ भिकू पाच वर्षांच्या करारावर मोरसला गेला, त्याला आता दुप्पट वर्षं होऊन गेली होती. एकदा कुणाकडून तरी निरोप आला की जिवंत आहे, कांप दे मास्क नावाच्या गावात आहे. पुढे काही नाही. निघण्याआधी मी गावी आयेला भेटायला गेले. तिनं सोडे आणि आमसुलं फडक्यात बांधून दिली आणि म्हणाली, "बोटीतनं येताना एकली येऊ नको."

बंदर

बोटीवर मी काय खाल्लं ते सांगत नाही, कारण जे खाल्लं ते समुद्रालाच दिलं. एका सकाळी खलाशांचा गलबला ऐकून धडपडत वर आले आणि कठड्याला धरून उभी राहिले, ती जागची हलेचना.

मी रसाळगडाच्या पायथ्याची. आमच्या अंगणातून रसाळ, सुमार आणि महिपत हे तीन डोंगर एका ओळीत दिसतात, आणि हवा स्वच्छ असली तर लांबवर चकदेव. डोंगर पाहून माझं बोट तोंडात जाईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण आमचे डोंगर थोराड, माथ्याला सपाट, जेवून ओटीवर बसलेल्या म्हाताऱ्यांसारखे. हे डोंगर समुद्रातून आत्ताच उठून उभे राहिल्यासारखे दिसत होते. हिरवे, निमुळते, अंगावरून पाणी निथळत असलेले. एक अगदी उभ्या अंगठ्यासारखा, आणि फ्रेंच लोक त्याला अंगठाच म्हणतात. त्याच्या पलीकडे एक सुळका, आणि सुळक्याच्या टोकावर भलाथोरला गोल धोंडा, कुणीतरी हातानं उचलून ठेवावा तसा. खाली बंदरात शिडांची गर्दी, हमालांचा आरडाओरडा, गुळाचा वास, आणि वर तो धोंडा. कुणी मान वर करून पाहत नव्हतं. मी मात्र पायाखाली बघायची विसरले आणि उतरताना फळीवरून पाय घसरून गुडघाभर पाण्यात गेले. मडम ओरडली. मी तशीच ओल्या लुगड्यानं हात जोडून उभी राहिले. देव कोणता ते ठाऊक नव्हतं, पण तो धोंडा तिथं ठेवणारा कुणीतरी असणारच.

बिऱ्हाड लागल्यावर मडमेनं मला काही दिवसांची रजा दिली. बंदरावर साताऱ्याकडचा एक गाडीवान तांदळाची पोती भरून फ्लाक भागात, कांप दे मास्कच्याच बाजूला, निघाला होता. त्याला भावाचं नाव आणि आमचं खेड सांगितलं.

"खेडकडला भिकू? कुत्र्यांचा भिकू म्हना की," तो म्हणाला. "कांप दे मास्कला शेंबडं पोरगं बी दावील त्येचं घर. बसा."

कुत्र्यांचा भिकू का, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

वरची वाट

बैलगाडी डोंगरांच्या मधून वर चढली आणि हवा बदलली. गावी श्रावणाची चिकचिक असणार; इथे त्याच महिन्यात थंडी. वर माळावर धुकं आणि बारीक पाऊस, दोन्ही एकदम. मी गोणपाट पांघरून बसले. मग पाऊस थांबला, उतार लागला आणि समोर ऊस दिसला.

ऊस मी पाहिला होता, पण वाफ्यात, बांधाला लागून, मोजता येईल एवढा. हा ऊस क्षितिजापर्यंत होता. त्याला तुरे आले होते, रुपेरी, आणि वारा आला की सगळा देशच एका बाजूला कलत होता. मधूनमधून काळ्या दगडांचे प्रचंड ढीग, चांगले घराएवढे उंच. मला वाटलं, पडलेले किल्ले असतील. वरून लांब शेपटीचा एक पांढराशुभ्र पक्षी गेला, शेपटी कसली, नुसता दोरा. सकाळपासून माझ्या तोंडून "अगं बाई" याखेरीज शब्द निघाला नव्हता. शेवटी गाडीवान वैतागला. "बाय, पुडं अजून लई हाय. समदं आत्ताच संपवू नका."

कांप दे मास्क

भावानं मला ओळखलं नाही. मी त्याला ओळखलं ते चालण्यावरून. केस पांढरे झालेले, डोक्याला फडकं, हातात कुदळ. मी "दादा" म्हटलं तेव्हा तो इकडेतिकडे पाहू लागला, जणू मी दुसऱ्याच कुणाला हाक मारली होती.

"चिमे?" तो म्हणाला. "तू हिकडं कशी?"

मग आम्ही दोघंही जे रडलो ते लिहीत नाही. रडता रडता मी गाठोडं खाली ठेवलं होतं, ते ध्यानात राहिलं नाही. डोळे पुसून पाहते तर एक तांबूस पिल्लू फडक्यात तोंड घालून आयेनं दिलेले सोडे फस्त करतंय. मी किंचाळले. दादा हसत सुटला.

"खाऊ दे गं. गावचं पयलं ह्येच्याच नशिबात हुतं."

आमसुलं तेवढी वाचली. ती त्यानं ओंजळीत घेतली, वास घेतला आणि बराच वेळ नाक वर केलं नाही.

झोपडी गवताची, पण सारवलेली. दारात एक बाई पदर सावरून उभी होती आणि तिच्या मागून सहा-सात वर्षांची मुलगी डोकावत होती. "ही फुलवा," दादा म्हणाला, "आनि ही मैना, तुजी भाची." फुलवा बिहारकडची, दुसऱ्या बोटीतून आलेली. घरी आयेला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला धक्का बसला, हे कबूल करते. पण फुलवानं पाट मांडला, म्हणाली, "बइठीं दीदी," आणि माझे चिखलानं भरलेले पाय स्वतः धुतले. विधवा झाल्यापासून माझे पाय कुणी धुतले नव्हते. जेवायला भात आणि पाल्याचं पातळ कालवण होतं, त्याला तिकडे ब्रेद म्हणतात. आपल्या माठाच्या भाजीची धाकटी बहीण. त्यात आज आमसूल पडलं आणि दादा चार वेळा भात घेऊन जेवला.

जेवताना मी त्या चोराचं नाव विचारलं. 

"त्याला नाव न्हाय," मैना म्हणाली. "बाबा त्याला 'अरे' म्हनतो."

मग दादानं सांगितलं. "पयला कुत्रा रसाळ. आलो त्या वर्सी पाळला. सांजच्याला जीव नुसता कासावीस व्हायचा. मानूस डोंगराचं नाव घेऊन वरडायला लागला तर लोक येडा म्हनतील का न्हाय? पन कुत्रा आसला की काय पन वरडा, कोन काय म्हनत न्हाय. मी आपला उसाच्या कडंला हुबा ऱ्हाऊन वरडायचो, रसाळ, रसाळ! बरं वाटायचं. त्यो मेला, मग सुमार. मग महिपत. तिगं बी त्या आंब्याखाली हायत."

मी आंब्याकडे पाहिलं. आमच्या अंगणातली सगळी रांग तिथे पुरलेली होती.

"मग ह्याचं नाव?"

"डोंगर संपले," दादा म्हणाला. "चकदेव ऱ्हायला. पन त्यो देव. कुत्र्याला कवातरी हाड म्हनावं लागतं, लाथ बी बसते. देवाला हाड कसं म्हनू?"

तेवढ्यात मैनेनं माझा हात ओढला. "आत्या, गेत!" गेत म्हणजे बघ. दाराच्या चौकटीतून गावामागचा डोंगर दिसत होता. दाट झाडीचा, एका अंगाला तुटलेला, आणि त्याच्या डोक्यावर ढग. "गेत, फायांसनं टोपी घातलान! बाबा, फायांस ठेव ना त्याचं नाव."

"गप," दादा म्हणाला. "त्यो आपला न्हाय."

मला ही संधी वाटली. मी म्हटलं, "खरंच तर. नाव गावी जाऊनच ठेवू. बोट साखर भरतेय, परतणारे मजूरही तिच्यातून येणार आहेत. आयेनं सांगितलंय, एकटी येऊ नको. आणि गावी डोंगरांना काय तोटा?"

दादानं मान खाली घातली. फुलवाची पळी भांड्यातच थांबली. मग ती हळूच म्हणाली, "हमार घर त इहे बा." माझं घर तर हेच. त्यात तक्रार नव्हती, भांडण नव्हतं. 

संध्याकाळी शेजारचे म्हातारे तोंतों आले. तोंतों म्हणजे काका. ते क्रेओल, म्हणजे त्या बेटावरच जन्मलेले, काळेभोर, उंच, आणि पिल्लू त्यांच्याच कुत्रीचं. "बों लिस्यें, मादाम," त्यांनी मला बजावलं, चांगला कुत्रा आहे. पिल्लाला अजून नाव नाही हे पाहून त्यांनी दादाला बरंच काही सुनावलं. मी विचारलं, काय म्हणतात?

"त्यो म्हनतो, तुला घरच्या चार डोंगरांची नावं तरी ठावं हायत. त्येच्या आज्याला आफ्रिकेतनं बांधून आनलं, इकला. तिकडल्या डोंगराचं नाव त्येच्यापतूर पोचलंच न्हाय. म्हनून त्येनं ह्योच डोंगर घेतला. म्हनतो, मोप मोटा हाय, दोगांना पुरंल."

तोंतों दात नसलेलं तोंड उघडून हसले आणि फायांसकडे हात केला, स्वतःच्या शेतातली भाजी घेऊन जा म्हणावं तसा.

फायांस

दुसऱ्या दिवशी, रविवारी, दादा मला डोंगरावर घेऊन गेला. मैना पुढे, पिल्लू तिच्या पायात. उसातून जाताना त्या काळ्या दगडांच्या एका ढिगापाशी तो थांबला.

"ह्यो डोंगर मी केलाय," तो म्हणाला.

मी हसले. तो हसला नाही.

"एकल्यानं न्हाय. पन खालचे थर माजे. आलो तवा ह्या शेतात पाय टाकाया जागा न्हवती. धोंडा उकरायचा, डोईवर घ्यायचा, हितं आनून टाकायचा. मुकादम म्हनला हुता ना, धोंड्याखाली सोनं हाय? पयल्या दिवशी खरंच बगितलं मी खाली." त्यानं ढिगातून निसटलेला एक धोंडा उचलून जागेवर बसवला. "दुसऱ्या दिवशी बी बगितलं."

मी दगडावर हात ठेवला. घावनाला पडते तशी जाळी होती त्याला, खरखरीत. पडलेला किल्ला नव्हता तो. माझ्या भावाची वर्षं एकावर एक रचून ठेवलेली होती, आणि आदल्या दिवशी गाडीतून असले कितीतरी ढीग पाहत मी "अगं बाई" करीत आले होते. त्या प्रत्येकाखाली कुणाचा ना कुणाचा भाऊ होता. बंदरातला तो सुळक्यावरचा धोंडा पाहून मी हात जोडले होते. इथे जोडलेले हात बराच वेळ सुटले नाहीत.

वर चढायला फार वेळ लागला नाही, पण माथ्यावर पोचले आणि खालीच बसले, दमल्यामुळे नव्हे. एका बाजूला सबंध बेटाचे डोंगर, एकामागे एक, निळे होत गेलेले, आणि शेवटी आकाशात तोच सुळका, डोक्यावर तोच धोंडा. दुसऱ्या बाजूला उसाचा उतार थेट समुद्रापर्यंत. आणि समुद्राला चक्क कुंपण! किनाऱ्यापासून लांब, पांढऱ्या फेसाची एक ओळ बेटाभोवती फिरलेली, आत पाणी पोपटी आणि शांत, बाहेर काळंनिळं आणि खवळलेलं. ढगाची सावली उसावरून चालत आली, आमच्या अंगावरून गेली आणि मागे एक इंद्रधनुष्य ठेवून गेली. मला रडू आलं. आपण अंगणातून चार डोंगर पाहिले आणि जग पाहिलं असं समजलो. देवानं एवढं मांडून ठेवलं होतं आणि आम्हांला कुणी सांगितलंसुद्धा नाही.

दादा उत्तरेकडे पाहत होता. "पयल्या वर्सी दर ऐतवारी हितं यायचो. वाटायचं, येवडं उंच आलो, तर रसाळचं टोक तरी दिसंल."

"आणि आता?"

"आता मैनेला घिऊन येतो. ती आपलं घर बगते. खालचं."

मैना कड्याच्या अलीकडे पालथी पडून खरंच घर शोधत होती. पिल्लूही तिच्याशेजारी तसंच पालथं पडलं होतं.

"चिमे, तू सांग," दादा म्हणाला. "आयेनं बोलावलं तर येयाला पायजे. पन फुलवेला गावात कोन पानवठ्यावर हुबी करंल? पोरीला कोन आपली म्हनंल? आनि ऱ्हातो म्हनलं, तर तोंड उगडत न्हाय. ह्या डोंगराचं नाव एकदा कुत्र्याला दिलं ना, की मी हिकडचा झालो. म्हनून नुसतं अरे, अरे करतोय."

मला त्याचा राग आला. आयेचा निरोप मी आणला, समुद्र मी ओलांडला, आणि निवाडाही मीच करायचा? मग घाम पुसायला त्यानं फडकं सोडलं आणि त्याच्या डोक्याकडे लक्ष गेलं. टाळूवरचे केस धोंडे वाहून झिजले होते. राग तिथेच संपला.

खाली उतरल्यावर मी म्हटलं, "आजच बारसं करू. बाळाची आत्या आलेली आहे."

बोलून गेले आणि जीभ चावली. नाव ठेवायचा मान आत्याचा, पण माझ्यासारख्या विधवेला गावी बारशाच्या खोलीत कुणी घेत नाही. मैना जन्मली तेव्हा मी तिथे असते तरी दाराबाहेरच बसले असते. मी तसं दादाला म्हटलं.

"ती रीत बोटीतनं उतरलीच न्हाय," तो म्हणाला. "आनि मैनेला तर आत्याच मिळाली न्हाय. सरकारी कारकुनानं इचारलं, मी सांगितलं, त्येनं लिवलं. बस तू."

फुलवानं घुगऱ्या शिजवल्या. पाळणा नव्हता, म्हणून साखरेच्या गोणपाटाची झोळी केली. आत्यानं कानात नाव सांगितलं की तिच्या पाठीत धपाटे घालायचे, हे दादानं सगळ्यांना समजावलं. मी पिल्लू मांडीवर घेतलं. त्याच्या तोंडाला अजून आयेच्या सोड्यांचा वास येत होता. दादा भिंतीला टेकून बसला होता आणि माझ्या ओठांकडे पाहत होता. चकदेव म्हटलं असतं तर देवानं रागावून काही केलं नसतं, आणि भाऊ कदाचित माझ्या मागोमाग बंदरापर्यंत आलाही असता. मला ते म्हणावंसं वाटलं. फार वाटलं.

मी पिल्लाच्या कानाशी गेले. "कुर्रर्र," म्हटलं, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "फायांस."

मैना उडी मारून ओरडली. फुलवानं हळूच थोपटलं, तोंतोंनी मात्र असा धपाटा घातला की मी पिल्लासकट पुढे गेले. दादानं डोक्याचं फडकं सोडून तोंडावर धरलं होतं. थोड्या वेळानं तो उठला, अंगणात गेला आणि डोंगराकडे तोंड करून ओरडला, "फायांस! फायांस!" पिल्लू ढिम्म हललं नाही, त्याला काय माहीत आपलं नाव! शेवटी फुलवानं घुगऱ्या फेकल्या तेव्हा ते धावलं.

परत

बंदरावर दादा, फुलवा आणि मैना मला पोचवायला आले होते. बोट निघाली आणि माणसं दिसेनाशी झाली, मग अंगठा बुडाला, आणि सगळ्यात शेवटी तो सुळक्यावरचा धोंडा. अजून पडला नव्हता.

मुंबईत उतरून मी गावी आले, तर आये खाडीवर आली होती. मी होडीतून उतरले तेव्हा ती माझ्याकडे पाहतच नव्हती, माझ्या मागे पाहत होती. होडी रिकामी झाली, नावाडी दोर बांधू लागला, तरी ती पाहत होती.

"एकलीच?" ती म्हणाली.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. फुलवा, मैना, दगडांचा ढीग, आंब्याखालचे तीन कुत्रे, बारसं. ती रडली नाही, मला बोललीही नाही. फुलवेची जात विचारली नाही. एवढंच विचारलं, "मंग आता सांजच्याला काय म्हनून वरडतो त्यो?"

मी नाव सांगितलं. तिनं ते दोनतीनदा तोंडात घोळवून पाहिलं.

पुढच्याच बाजाराला ती धनगराकडून एक पिल्लू घेऊन आली. आता मी पडवीत बसून हे लिहिते आहे, दिवस कलला आहे, आणि आये अंगणाच्या कडेला उभी आहे. रसाळ, सुमार, महिपत सगळे तिच्या पाठीशी आहेत. तिचं तोंड समुद्राकडे आहे आणि ती गळा काढून ओरडते आहे, "फायांस! फायांस!" पिल्लू तिच्या पायाशीच बसलेलं आहे.

मघाशी वाटेनं जाणाऱ्या एका बाईनं विचारलं, हे कसलं गं नाव?

"आमच्या भिकूच्या गावचा डोंगर हाय," आये म्हणाली.